पांढऱ्या फरशीचा संडास

लग्न होऊन वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात आले, तेव्हा माझी बारावी झालेली होती. माहेरी मिठबावला आंब्याच्या पेट्या भरण्यापलीकडे मी कुठलं काम केलेलं नव्हतं. नवरा टेंपो चालवतो, जांभ्या दगडाचे चिरे घेऊन गोव्याला जातो. लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर मोठी जाऊ एकदा म्हणाली, "घरात बसान काय करतलंस? चल माझ्यावांगडा काजीच्या कारखान्यात."

जाऊ तिथे कितीतरी वर्षं काजू फोडत होती. पहिल्या दिवशी मी सकाळी चहाचा कप तोंडाला लावला, तर तिने तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"च्या पिव नको. आणि थंय पोचल्यावर पाणी मागू नको."

"कित्या?"

"कळतला तुका."

दुपारपर्यंत कळलं. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. त्यात ओळीने यंत्रं. पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, की बी मधोमध फुटते. मग सुईसारख्या टोचणीने गर अलगद काढायचा. टरफलात तेल असतं, ते कातडीला लागलं की आधी चुरचुरतं, मग कातडी काळी पडते, मग तिचे पापुद्रे निघतात. बायका हातांना खोबरेल आणि राख चोळून बसायच्या. तरी कुणाच्याही बोटांवर धड कातडी नव्हती. लग्नकार्यात हळदीकुंकू घ्यायला हात पुढे करतानासुद्धा आमच्या बायका बोटं मुडपून घेतात.

दुपारी मी जावेला हळूच विचारलं, "जावचा खंय?"

तिने मानेनेच दाखवलं. शेडच्या मागे टरफलांचा डोंगर होता. गोव्याकडचा ट्रक येऊन ती टरफलं उचलून न्यायचा, पण तो यायचा त्याच्या मर्जीने. तोवर रास वाढत जायची. त्या राशीमागे बसायचं. पलीकडे काजूची बाग आणि बागेतून गेलेली पायवाट. त्या वाटेने येणाऱ्या पुरुषाने खाकरायचं, की बायका तशाच उठायच्या. काही पुरुष खाकरत नसत. कोण खाकरत नाही ते सगळ्यांना माहीत होतं. ते देवळात आमच्यापुढे उभे राहून देवाला गाऱ्हाणं घालणारेच होते.

त्या जागेचा वास मला अजून कधी कधी येतो. जळक्या तेलाचा, कुजक्या टरफलांचा आणि माणसांचा. पहिल्या दिवशी मी तिथे न बसताच परत आले. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं होतं. जाऊ म्हणाली, "सवय होतली." ती हे कौतुकाने म्हणाली. सवय होणं हा तिच्या लेखी बाईचा गुण होता.

पाळीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. कापडाची घडी बदलायची तर हात कुठे धुणार? नळ पुढच्या बाजूला, काजू वाफवायच्या बॉयलरवरच्या पुरुषांसमोर. आमच्या ओळीतल्या एका मुलीला तेलाचे हात नको तिथे लागले. तिला फोड आले, चालता येईना. चार दिवस घरी राहिली आणि परत आली. व्यवस्थापकाने विचारलं, "काय झाला गो?" ती म्हणाली, "ताप." आम्ही सगळ्याजणी खाली मान घालून बिया फोडत होतो. फोड आले होते हे सांगायची लाज त्या मुलीला वाटली. ज्याला वाटायला हवी होती, तो खुर्चीत बसून दात कोरत होता.

कारखान्यात संडास नव्हता असं नाही. ऑफिसला लागून एक होता. पांढरी फरशी, पांढरं भांडं, आरसा, साबण. व्यापारी माल बघायला येत, त्यांच्यासाठी. एरवी त्याला कुलूप आणि चावी मालकाच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. एकदा पोटात कळ आली तेव्हा मी चावी मागायला गेले. व्यवस्थापक म्हणाला, "तुझे हात बघ आदी. फरशी पांढरी आसा. तेल लागला काय शेट माका बोलतले."

पुरुषांचा प्रश्न नव्हता. ते ऑफिसच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. खिडकीतून वास यायला लागला तेव्हा मालकाने त्या भिंतीवर देवांची चित्रं असलेल्या फरश्या बसवल्या. पुरुष कोपरा वळून दुसऱ्या भिंतीवर गेले. त्यांना तर दिवसाचा पगार. विडी ओढायला किती वेळा बाहेर गेले तरी हजेरी पुरी. आम्हाला किलोवर. जागेवरून उठलं की आपलाच गर कमी. म्हणजे मुतायला गेलं तर त्याचेही पैसे आम्हीच भरायचे.

मग जाऊ आजारी पडली. जत्रेचे दिवस होते. आठवडाभर तिला थंडी वाजून ताप यायचा, कंबर धरून बसायची. मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणायची जत्रेला पाहुणे यायचे आहेत, त्याआधी सुट्टी नको. एका सकाळी यंत्राचा दांडा ओढता ओढता ती बाजूच्या बाईच्या अंगावर कलंडली. आम्ही तिला उचललं तेव्हा तिची साडी ओली झाली होती. तशा तापात, शुद्ध जाता जाता तिने मला काय सांगावं? "माझ्यार कायतरी घाल गो, बापये बघतत." बॉयलरवरचे पुरुष दारात जमले होते.

शेजारच्या रिक्षात घालून तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती. तपासण्या झाल्यावर तिने जावेला विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

जाऊ हसली. इस्पितळाच्या खाटेवर, हाताला सुई लावलेली असताना ती हसली. मला वाटतं, पाणी पिणं ही तिला श्रीमंतांची चैन वाटत असावी.

मीच सगळं सांगितलं. टरफलांची रास, कुलूप, चहा न पिणं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "वर्षानुवर्षं अशी लघवी रोखून धरलीत तर जंतू वर चढणारच. एका मूत्रपिंडाला मोठी इजा झाली आहे. दुसरं वाचवायचं असेल तर ते काम सोडा, नाहीतर तिथे संडास करून घ्या." मग ती निरोप मिळाल्यावर आलेल्या दिराकडे वळली. "तुम्हाला माहीत नव्हतं का, बायको कुठे जाते ते?"

दीर गोंधळला. "ह्या असला बायका आमका सांगतत काय?" असं काहीतरी पुटपुटला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "डॉक्टरीण जरा आगाव वाटली."

जाऊ घरी आल्यावर आम्ही पाचसहाजणी मालकाला भेटायला गेलो. तो काही राक्षस नव्हता. लग्नाला बोलावलं तर यायचा, अडल्यानडल्याला मदत करायचा, गणपतीला सगळ्यांच्या घरी नारळ पाठवायचा. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पंखा लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझी आवस आयुष्यभर रानातच गेली. तिका काय झाला? सगळा सवयीचा आसता. बगूया, पावसाआदी कायतरी करूया."

माझ्या बाजूला आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई बसली होती. विधवा, काजू फोडून तिने तीन मुलींची लग्नं केलेली. ती म्हणाली, "शेटनू, तुमच्या घराक संडास आसा मा?"

"आसा तर."

"मगे तुमका रानाची सवय कशी नाय जावक?"

मालक हसला आणि फोनवर बोलायला लागला. आम्ही उठलो.

त्यानंतर महिला दिन आला. कारखान्याच्या खळ्यात मांडव घातला, खुर्च्या आणल्या. तालुक्यातला एक पुढारी प्रमुख पाहुणा. सोबत महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आणि दोन फोटोग्राफर. आम्हाला नवे हातमोजे वाटले, यंत्रावर बसवून फोटो काढले आणि मोजे परत गोळा करून खोक्यात ठेवले. मग भाषणं. स्त्री ही देवी आहे, स्त्री ही आदिशक्ती आहे, कोकणची स्त्री तर फणसासारखी. पाहुणा तासभर बोलला. आमच्यातल्या कितीतरी जणी सकाळपासून तशाच बसल्या होत्या, कारण मांडव राशीच्या बाजूनेच घातला होता आणि मागे जायची वाट फोटोग्राफर अडवून उभे होते.

नंतर पाहुण्यांच्या हस्ते सॅनिटरी पॅडची पाकिटं वाटायची होती. प्रत्येक पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलेलं. पाहुण्याने प्रत्येक पिशवी दोन बोटांत, अंगापासून लांब धरून दिली, जणू आत मेलेला उंदीर आहे. फोटोसाठी मात्र कॅमेऱ्याकडे बघून हसला. त्याच्या त्या दोन बोटांची मला किळस आली. आजारात सुजलेलं जावेचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

आभार मानायला माझं नाव होतं, शिकलेली म्हणून. सूत्रसंचालनाला आलेल्या शाळेतल्या गुरुजींनी चार ओळी लिहून दिल्या होत्या. मी माइक हातात घेतला. सरकारी ठिकाणी बोलावं तसं शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, तसंच बोलले.

"मालकांचे आभार. पाहुण्यांचे आभार. ही पाकिटं दिली त्याबद्दलही आभार. एकच विचारायचं आहे. ही बदलायची कुठे? आमचे हात तेलाचे आणि आडोसा टरफलांचा. इथला संडास कुलपात आहे. माझी जाऊ मूत धरून धरून मरायला टेकली होती. या कारखान्यात बायकांनी मुतायचं कुठे, ते पाहुण्यांनी जाण्याआधी सांगून जावं."

मागे बॉयलरवरचा एक पुरुष फिसकन हसला. गुरुजींनी माझ्या हातातून माइक जवळजवळ ओढूनच घेतला. मालक उठला, म्हणाला, "आमच्या भगिनी जरा भावनाप्रधान आहेत," आणि सगळ्यांना जेवायला चला म्हणाला. पाहुण्याने विचारलं, हात धुवायला कुठे? व्यवस्थापक धावत गेला आणि खिळ्यावरची चावी घेऊन आला.

जेवणाच्या वेळी अध्यक्षबाई माझ्या शेजारी आल्या. चांगल्या घरच्या, मोठं कुंकू लावणाऱ्या. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

"प्रश्न तुझो बरोबर आसा गो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण चार बापयांत ह्यो शब्द? लघुशंका म्हणूचा."

"शंका नाय ओ माका," मी म्हटलं. "माका लागता ती लागताच."

त्यांनी तोंड वाकडं केलं आणि वड्याचं ताट घेऊन पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. खरं सांगायचं तर पुढाऱ्यापेक्षा त्यांच्या वाकड्या तोंडाची मला जास्त किळस आली. बाईला बाईच्या अंगाची घाण वाटावी, आणि तीसुद्धा महिला दिनाला.

कोणीतरी माझं बोलणं मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. बाजारात एक ओळखीचा दुकानदार माझ्या पाठीमागे दुसऱ्याला म्हणाला, "ही बघ ती मुतारीवाली." मी वळून बघितलं तर दोघेही मिरच्या निवडायला लागले.

नवरा घरी आला तो जेवलाच नाही. ओटीवर बसून म्हणाला, "टेंपो स्टँडार तोंड दाखवूची सोय ठेवलंस नाय तू. बायलमाणसान चार माणसांत असा बोलूचा आसता?"

"तू गोव्याक जातस. वाटेत लागला तर काय करतस?"

"गाडी थांबयतंय."

"आणि मगे?"

आत माझी जाऊ आडवी पडली होती, तिला ऐकू जात होतं. तिने आतूनच सांगितलं, "भाऊजी, तिका बोलू नकात. माझा मूत होता, माझ्यासाठी बोलली ती." सासू उठून ताटं मांडायला लागली. नवरा मात्र आजही म्हणतो, बोलली ते खरं होतं, पण माइकवर नको होतं. मी विचारते, मग कशावर? तेव्हा तो विषय बदलतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर व्यवस्थापकाने मला अडवलं. "शेटनी सांगल्यानी, तुका काय दिवस आराम." मागून बाकीच्या बायका येत होत्या. त्या थांबल्या. काय करायचं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. मी तर घरी परत फिरायच्या बेतात होते.

तेवढ्यात ती वयस्क बाई पुढे झाली, व्यवस्थापकाला हाताने बाजूला सारलं आणि सरळ ऑफिसात गेली. मालक आलेला नव्हता. तिने खुर्चीमागच्या खिळ्यावरची चावी काढली, कुलूप उघडलं, आत गेली आणि कडी लावली. आम्ही बाहेर उभ्या. आतून पाण्याचा आवाज आला. बाहेर आली ती पदराने हात पुसत, आणि म्हणाली, "साबणाक वास बरो आसा. आता कोण जाता?"

एकेक करून सगळ्या गेल्या. ज्यांना लागली नव्हती त्यासुद्धा गेल्या. व्यवस्थापक ओरडत होता, मग विनवायला लागला, मग नाकाला रुमाल लावून बाजूला उभा राहिला. कालपर्यंत त्या राशीच्या वासाने त्याला कधी रुमाल लागला नव्हता. दुपारपर्यंत रांग संपली नाही, कारण आत जाऊन आलेली बाई परत शेवटी उभी राहत होती. शेडमध्ये यंत्रं बंद. बाहेर माल न्यायला ट्रक येऊन उभा होता.

मालक आला. त्याने आधी दरवाजातून आत डोकावून बघितलं. फरशीवर काळी पावलं, भिंतीवर काळ्या हातांचे ठसे, आरशावरसुद्धा. त्याच्या तोंडावर जी शिसारी आली ती मी अगदी जवळून बघितली. असं तोंड त्याने कधी आमचे हात बघून केलं नव्हतं. तो फरशीसाठी हळहळत होता.

"ह्या काय केल्यात?" तो म्हणाला.

"मुतलो," ती बाई म्हणाली.

बाकी बोलणं मग लांबलं. संडास बांधून होईपर्यंत हाच उघडा राहील, आणि मला कामावर घेतलं नाही तर कोणीच यंत्रावर बसणार नाही, एवढं आम्ही धरून ठेवलं. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, त्याचा आम्हाला उपयोग झाला. मालकाने कबूल केलं. हातमोज्यांचं विचारलं तेव्हा मात्र तो चिडला, म्हणाला, सगळंच एकदम मागू नका. मोजे नंतर आले, पण पातळ. आठवड्यात फाटतात.

पावसाआधी शेडच्या टोकाला दोन संडास उभे राहिले. नळ, साबण, दाराला आतून कडी. उद्घाटनाला तोच पुढारी. फीत कापली, फोटो निघाले आणि दारावर संगमरवरी पाटी लागली, मालकाच्या आईच्या स्मरणार्थ. आयुष्यभर रानात गेलेल्या त्या म्हातारीचं नाव संडासाला दिलं, आणि भाषणात पुढारी म्हणाला की स्त्रियांचं आरोग्य ही मालकांची पहिल्यापासूनची तळमळ होती. आम्हाला टाळ्या वाजवायला सांगितलं. मी नाही वाजवल्या. माझ्या बाजूच्या मुलीने, जिला फोड आले होते तिने, वाजवल्या. तिला खरंच आनंद झाला होता. तिचा राग मला करता आला नाही.

जावेचं एक मूत्रपिंड निकामीच झालं. ती आता कारखान्यात येत नाही. घरी कोकमं सुकवते, कुळथाचं पीठ करून देते. दिराला अजून वाटतं की ती कामाला कंटाळली म्हणून बसली. एवढ्या वर्षांच्या कामाबद्दल कारखान्याने तिला एक साडी दिली, तीसुद्धा मांडवात बोलावून द्यायची होती. ती गेली नाही.

आणि संडासांचं म्हणाल तर आणखी एक झगडा करावा लागला. बॉयलरवरचे पुरुष आमच्याच संडासात यायला लागले, कारण ते जवळ. भांड्याबाहेर सगळी घाण करून, पाणी न ओतता निघून जायचे. ते साफ करायची पाळी मालकाने बायकांवर लावली, कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी. मी व्यवस्थापकाला म्हटलं, जो घाण करतो त्याने काढायची. तो म्हणाला, "बापयांका हातात झाडू देतलंस काय?" हो, देणार, म्हटलं, आणि दिला. पहिल्या दिवशी त्यांनी झाडू फेकून दिला. आम्ही संडासाला कुलूप लावलं आणि चावी आमच्याकडे ठेवली. आता ते परत भिंतीकडे जातात. निदान आमच्या घाणीत त्यांची घाण नाही.

हल्ली मला दुसऱ्या कारखान्यांतल्या बायका बोलावतात. मुतारीवाली म्हणूनच ओळखतात, आता मला त्याचं काही वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी जाते, त्यांच्यात बसते, त्या मालकाशी बोलायला निघाल्या की सोबत जाते. मागच्या महिन्यात बांद्याच्या बाजूच्या एका कारखान्यात गेले होते. तिथला मालक शिकलेला, गोड बोलणारा. म्हणाला, "आमच्याकडे तसलं काही नाही, बायकांसाठी पहिल्यापासून वेगळं टॉयलेट आहे. चला, दाखवतो." दारावर बाईचं चित्रही होतं. त्याने दार उघडलं. आत भांड्यापासून छतापर्यंत काजूगराच्या गोणी रचलेल्या होत्या. तो घाईने म्हणाला, "सीझनपुरतं ठेवलंय हो. जागा कमी पडते."

माझ्या मागे त्या कारखान्यातल्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी ते दार उघडलेलं पहिल्यांदाच बघितलं होतं. एक हळूच म्हणाली, "खावचो माल ह्येच्यात ठेवतत, आणि आमी रानात."

मी मालकाला म्हटलं, "गोणी आजच बाहेर काढा. आम्ही इथेच उभ्या आहोत."

त्याने आधी घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. मग हमालांना हाक मारली. पहिली गोणी निघाली तेव्हा भांड्यातून झुरळं बाहेर पळाली, आणि एक बाई चप्पल काढून त्यांच्यामागे धावली.